प्रार्थनेवरून ठाण्यात नेलं, हातात कागद एकही नाही: आता काय करायचं?

विचारणा करवीर तालुक्यातल्या एका गावातून आली आहे. घरी दर रविवारी दहा-बारा जण प्रार्थनेला बसतात. गेल्या रविवारी कुणीतरी तक्रार केली, सकाळी अकराला पोलीस आले आणि ६४ वर्षांच्या काकांना "नुसतं चौकशीला बोलावलंय" म्हणून घेऊन गेले. काकांना साखरेचा आजार आहे. जाताना पोलिसांनी दोन धर्मग्रंथ आणि येणाऱ्यांच्या नावांची वही उचलली. ठाण्यात काकांच्या कानशिलात दिल्या, "यापुढे घरात प्रार्थना घेणार नाही" असं लिहून घेतलं, वर एका कोऱ्या कागदावर सही घेतली. रात्री साडेनऊला सोडलं. पुढे अटक होईल का, आणि आत्ता काय करायचं, असा प्रश्न आहे.

आधी हे लक्षात घ्या की श्रद्धेवरून होणारा छळ बहुतेक वेळा गुन्हा दाखल झाल्यावर होत नाही. तो होतो त्याच्या आधीच्या बिनकागदाच्या तासांत. अटक दाखवली की डॉक्टर येतो, वकील येतो, २४ तासांत न्यायदंडाधिकारी समोर येतात. "नुसतं बोलावलंय" म्हटलं की यातलं कुणीच येत नाही. म्हणून काकांचे ते साडेदहा तास कागदावर आणणं हे आत्ताचं पहिलं काम. तक्रार खरी की खोटी, प्रार्थना कुणाची, हे सगळं त्यानंतर.

त्या रविवारी कायद्यानं काय व्हायला हवं होतं? काकांकडून माहिती हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ लागतं. त्यात बोलावणं लेखी आदेशानंच करायचं असतं. शिवाय ६० वर्षांवरचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या जागेखेरीज कुठंही हजर राहायला भाग पाडता येत नाही. जुन्या कायद्यात ही वयोमर्यादा ६५ होती, १ जुलै २०२४ पासून ती ६० झाली. अजूनही अनेकांच्या डोक्यात ६५ च आहे, त्यामुळे कलम बोट ठेवून दाखवावं लागतं. काका संशयित असतील, तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यायची. त्यांना घरी येऊन विचारता आलं असतं. ज्याला बोलावायची कायद्यानं मनाई आहे अशा माणसाला जाणूनबुजून हजर व्हायला लावणं हा त्या लोकसेवकाचा स्वतंत्र गुन्हा आहे: भारतीय न्याय संहिता, कलम १९९, किमान सहा महिने ते दोन वर्षं सक्त कारावास. तुमच्या अर्जात हे कलम नावानं यायला हवं.

आता अर्ज. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे लिहा, एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना. भाषा थंड ठेवा, आरोपांपेक्षा घड्याळाच्या वेळा जास्त असू द्या. किती वाजता गाडी आली, कितीजण गणवेशात होते, कुणाच्या बिल्ल्यावर नाव होतं, काकांना कुठल्या खोलीत बसवलं, दुपारचं जेवण आणि साखरेची गोळी मिळाली का, मारलं ते उजव्या कानावर की डाव्या, त्या वेळी खोलीत कोण होतं, बाहेर नातेवाईक किती वाजल्यापासून थांबले होते. काकांनी सांगायचं, एकानं लिहायचं, आजच. तिसऱ्या दिवशी माणूस वेळा गोल करून सांगायला लागतो. साडेअकराचं "दुपारी" होतं आणि पुढं उलटतपासणीत तेवढ्यावरच सगळा जबाब डळमळीत करतात.

अर्जात चार गोष्टींची मागणी हवी. पहिली, त्या दिवसाची स्टेशन डायरी जपून ठेवावी. दुसरी, ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण सकाळी ११ ते रात्री १० या वेळेचं जपून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालाप्रमाणे ठाण्यात फाटक, कोठडी, वऱ्हांडा, अंमलदाराची खोली इथं कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने ठेवायला हवं. प्रत्यक्षात "यंत्र बंद होतं" हे उत्तर येतं, म्हणूनच मागणी पहिल्या आठवड्यात नोंदवायची. लवकर मागितलेलं चित्रण नंतर नाही सापडलं तर त्याचा अर्थ न्यायालय वेगळा लावतं. तिसरी मागणी, नेलेल्या वस्तूंच्या जप्ती पंचनाम्याची प्रत. चौथी सगळ्यात महत्त्वाची: "माझी कोऱ्या कागदावर सही घेतली आहे, त्यावर पुढे काही मजकूर आला तर तो माझा नाही" हे वाक्य, तारखेसह. ती सही उद्या पंचनाम्यावर, जबाबावर, कशावरही येऊ शकते. आज लिहिलेलं हे एक वाक्य तिची किंमत काढून घेतं.

अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊनच उठा. "ठेवून जा, साहेब बघतील" याला पोच म्हणत नाहीत. शिक्का मारायला नकार दिला तर वाद न घालता तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा आणि ईमेलही करा. पूर्वी वकील अशा वेळी तार करायचे, कारण तारेवर वेळ छापलेली असायची. २०१३ साली तारसेवा बंद झाली, तेव्हापासून ते काम ईमेल करतो. माहिती अधिकारात डायरीची नोंद मागायची असेल तर वेगळा अर्ज करा. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते, तसं वरच ठळक लिहा.

"प्रार्थना घेणार नाही" हे जे लिहून घेतलं, त्याला कायद्यात काहीही आधार नाही. राज्यघटनेच्या कलम २५ नं दिलेलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य ठाण्यात बसून सोडून देता येत नाही. मानणाऱ्याला जसं ते आहे तसंच न मानणाऱ्यालाही. पोलिसांपुढे तपासात दिलेल्या जबाबावर देणाऱ्यानं सहीच करायची नसते, सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. पोलिसांपुढची कबुलीही पुराव्यात चालत नाही. तरी तो कागद निरुपद्रवी समजू नका. तो बहुधा चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांततेचं बंधपत्र मागणाऱ्या प्रतिबंधात्मक कारवाईत येतो, त्याबद्दल पुढे. त्याच अर्जात लिहून टाका की तो मजकूर मारहाणीनंतर, सांगून लिहून घेतलेला आहे.

कानाचं आजच बघा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा, केसपेपर काढताना "ठाण्यात मारहाण" असं सांगा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद करायला लावा. नुसतं "कान दुखतो" सांगितलंत तर थेंब देऊन घरी पाठवतील आणि पुरावा तिथंच संपेल. कान-नाक-घसा विभागात पडदा तपासून घ्या. चापटीनं फाटलेला पडदा बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप भरतो. माणसासाठी ते चांगलं, पण तोवर तपासणी झाली नसेल तर मग काहीच दाखवता येत नाही. दुर्बिणीतून घेतलेला फोटो आणि ऐकण्याच्या चाचणीचा कागद मागून घ्या. गालावर, मानेवर वळ असतील तर दिवसाच्या उजेडात, चेहरा ओळखू येईल असा एक आणि जवळून एक असे फोटो काढा. वळाचा रंग रोज बदलतो, म्हणून दोन-तीन दिवस रोज काढा. मोबाईलमधला मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत वेळेची मूळ माहिती राहत नाही.

ग्रंथ आणि वही हा विषय लोक सोडून देतात. सोडू नका. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करणं आता कलम १०५ नं बंधनकारक आहे, जप्त वस्तूंची यादी करून तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागतात. यातलं काहीच झालेलं नसेल तर त्या वस्तू कायद्यानं जप्त झालेल्या नाहीत, नुसत्या उचलून नेलेल्या आहेत. वहीचा धोका वेगळा आहे. त्यात ज्यांची नावं आहेत त्यांना एकेक करून फोन जातील. त्यांना आत्ताच कळवा की फोनवर आलेल्या निरोपावर कुणी ठाण्यात जायचं नाही, लेखी नोटीस मागायची, आणि बायकांनी तर घरीच जबाब द्यायचा. गुन्हा दाखल झाला असेल तर वस्तू परत मिळण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ४९७ किंवा ५०३ खाली मुद्देमालाचा अर्ज करता येतो. धर्मग्रंथ रोजच्या वापराचा आहे आणि त्यावर तपासात करण्यासारखं काही नाही, एवढंच म्हणणं पुरतं.

अटकेचं. अशा प्रकरणात तीन कलमं फिरतात. न्याय संहितेचं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोलणं: एक वर्षापर्यंत शिक्षा, अदखलपात्र, जामीनपात्र. यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही, अटक तर दूर. दुसरं २९९, जुनं २९५ अ: तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. तिसरं १९६, दोन समाजांत तेढ. खरी भीती शेवटच्या दोनांची, आणि तक्रार मुद्दाम त्याच शब्दांत लिहिलेली असते. पण २९९ ला "जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूनं" अपमान लागतो. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे कलम घटनात्मक ठरवताना त्याचा आवाका एवढ्यापुरता धरला आहे. बंद घरात आपल्या देवाची प्रार्थना करणं हा दुसऱ्याच्या देवाचा अपमान होत नाही. शिवाय १९६ आणि २९९ मध्ये सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही, सुरक्षा संहितेचं कलम २१७. दोषारोपपत्र आलं की सगळ्यात आधी हे मंजुरीपत्र शोधा. शब्दांवरून किंवा मजकुरावरून लावलेल्या तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याचा मार्ग कलम १७३(३) मध्ये आहे, आणि इम्रान प्रतापगढी निकालात २८ मार्च २०२५ रोजी तो वापरण्यावर सर्वोच्च न्यायालयानं भर दिला आहे. व्हॉट्सॲप स्टेटसवरून जून २०२३ मध्ये कोल्हापुरात जी दंगल झाली त्यानंतर इथं मोबाईलवरच्या मजकुराला ही कलमं पटकन लागतात, म्हणून हा निकाल जवळ ठेवाच.

वयाची ढाल सांगताना एक गफलत होते. साठीवरच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही, हे खरं, पण कलम ३५(७) मधली ती सवलत तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्याला आहे. २९९ "तीन वर्षांपर्यंत" आहे, तिथं ती चालणार नाही. तिथं अर्नेशकुमार निकाल, २ जुलै २०१४, उपयोगाचा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस, आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती याची लेखी कारणं. २९९ चा गुन्हा दाखल झाल्याची खात्री झाली किंवा तशी लक्षणं दिसली, तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात सत्र न्यायालयात कलम ४८२ चा अटकपूर्व जामीन मागा. तिथं नाही मिळाला तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच भाऊसिंगजी रोडला सीपीआरसमोर बसतं, आणि गुन्हा रद्द करण्याचा अर्ज किंवा माणूस बेपत्ता ठेवला तर हेबियस कॉर्पस, म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करायला लावणारा अर्जही तिथंच होतो. एकट्या या सोयीनं गरीब माणसाच्या लढाईचा खर्च किती उतरला आहे, हे ज्यांनी रात्रीच्या गाडीनं मुंबईच्या तारखा केल्या त्यांनाच कळेल.

एक कलम मात्र तक्रारदार अधूनमधून वर चिकटवतात: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे घरातले आणि प्रार्थनास्थळांतले विधी त्याच कायद्यानं बाजूला ठेवले आहेत. पण कुणाला "गोळ्या बंद कर, प्रार्थनेनं बरा होशील" असं सांगितलं गेलं असेल, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ दिलं नसेल, तर बचाव अवघड होतो आणि व्हावाच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, औषध थांबवू नका. तसंच बैठकीत पैसे, धान्य, फी यांचं वाटप करू नका. आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क नाही, असं स्टॅनिस्लॉस निकालात १९७७ मध्ये ठरलं आहे. आमिषाचा आरोप याच वाटपावर उभा राहतो.

आणि अटक झालीच तर? अटकेची कारणं लेखी, काकांना समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत मागा. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालानं ही गोष्ट सगळ्या गुन्ह्यांना लागू केली आहे आणि लेखी कारणं रिमांडच्या निदान दोन तास आधी द्यायची आहेत. नाहीतर अटक बेकायदा. अटकेचा पंचनामा वेळेसह हवा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित साक्षीदाराची सही हवी. कुणाला कळवलं याची नोंद हवी. सरकारी डॉक्टरची तपासणी आणि तिची प्रत हवी. या गुन्ह्यात बेडी घालता येत नाही. चौकातून चालवत नेणं तर कुठल्याच गुन्ह्यात नाही.

न्यायालयात एक क्षण असतो, तो घरच्यांना आधी माहीत असावा. काकांना उभं करतात, साहेब कागद चाळत विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे तोच हवालदार उभा असतो ज्याच्यासोबत रात्री परत जायचं असू शकतं. माणूस "नाही" म्हणतो. रोजनाम्यात "तक्रार नाही" असं उमटतं, आणि पुढं दोन वर्षं प्रत्येक टप्प्यावर ते वाक्य आडवं येतं. काकांना आजच सांगून ठेवा: वकील असो वा नसो, "हो, कानावर मारलं, इथं" एवढं मोठ्यानं बोलायचं आणि बोट लावून दाखवायचं. वकिलानं लगेच अर्ज द्यायचा: तक्रार रोजनाम्यात घ्यावी, वैद्यकीय तपासणीचा आदेश व्हावा, पोलीस कोठडी दिलीच तर दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, साखरेची औषधं आणि वेळेवर जेवण मिळावं. न्यायालयीन कोठडी होऊन कळंब्याच्या तुरुंगात जायची वेळ आली तर त्याच अर्जात चष्मा, औषधं आणि धर्मग्रंथ आत नेण्याची परवानगी मागा. न्यायालयाचा आदेश जवळ असला की तुरुंगाच्या फाटकावरची हुज्जत वाचते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अटकेतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.

माझा अंदाज, पोलीस २९९ च्या वाटेला जाणारच नाहीत. चॅप्टर केसची नोटीस येईल. कलम १२६ खाली "शांतताभंग होण्याची शक्यता" म्हणून कार्यकारी दंडाधिकारी, बहुतेक तहसीलदार, एक वर्षापर्यंतचा बंधपत्र मागतात. लोक वैतागून पहिल्याच तारखेला सही करून मोकळे होतात. करू नका. लेखी म्हणणं द्या: शांतता कुणी भंग केली, घरात बसलेल्यांनी की दारात येऊन आरडाओरडा करणाऱ्यांनी? चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही तर ती, विशेष कारणं नोंदवून वाढवली नसेल तर, आपोआप संपते. कलम १७० खाली प्रतिबंधात्मक म्हणून उचललं तरी २४ तासांवर ठेवता येत नाही.

दारात जमाव आला असेल तर तुमचीही फिर्याद होते. कायदेशीरपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम अडथळा आणणं हे न्याय संहितेचं कलम ३००, दखलपात्र. घरात घुसणं हे ३२९. घटनेचा व्हिडिओ ज्याच्या फोनमध्ये आहे त्याचं नाव फिर्यादीत घाला. ठाण्यानं नोंद नाकारली तर अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तिथंही काही झालं नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. गावानं किराणा, पाणी, दळण बंद केलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फक्त तो एकाच समाजातल्या बहिष्काराला लागतो. "यांनी धर्म सोडला, हे आता आमच्यातले नाहीत" असा बचाव येतो, म्हणून फिर्यादीत नातं, जात, एकत्र झालेली लग्नकार्यं स्पष्ट लिहा. मारहाणीबद्दल राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. ती अवश्य करा, पण तिच्यावर विसंबून फिर्याद लांबवू नका.

येत्या रविवारी प्रार्थना घ्यायची का, हे तुम्ही शेवटी कचरत विचारलं आहे. घ्या. स्वतःच्या घरात प्रार्थनेला परवानगी लागते असा कायदा नाही. "कलम ३७ चा (महाराष्ट्र पोलीस कायदा) बंदी आदेश आहे" असं कुणी सांगितलं तर आदेशाची प्रत मागा आणि तो कोणत्या जागेला, कोणत्या कृतीला आहे ते वाचा. लाऊडस्पीकर लावू नका. त्याला लेखी परवानगी लागते, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ आहे. आवाजाची तक्रार ही एकच तक्रार त्यांना खरी सापडू शकते. नावांची वही ठेवू नका. दाराशी चाळिशीच्या आतला, शांत डोक्याचा एकजण बसवा. गाडी आलीच तर त्यानं वाद घालायचा नाही, एवढंच विचारायचं: "नोटीस आहे का? अटक आहे का? नसेल तर काका घरीच जबाब देतील." तरीही काकांना नेलंच, तर काकांनी ठाण्यात पोचल्यावर विचारायचं, "मी आता जाऊ का?" हो म्हणाले तर उठून बाहेर यायचं. नाही म्हणाले तर ते ताब्यात आहेत आणि २४ तास त्या मिनिटापासून सुरू. दाराशी बसलेल्यानं गाडी हलल्याबरोबर ११२ ला फोन लावायचा, वकिलाला संदेश पाठवायचा आणि काकांची गोळी व डबा घेऊन मागोमाग निघायचं.